पेन्सिल्वेनियाची जुनी आमिश क्विल्ट बेळगावच्या घरात: टाके, रंग आणि आपला पावसाळा

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. टाक्यांना ५ पैकी ५, रंगांना ५, दुकानदाराने दिलेल्या माहितीला ३ आणि बेळगावच्या हवेत सांभाळायला किती सोपी याला फार तर २. अमेरिकेत कोणी ना कोणी नातेवाईक असतंच, त्यांच्याकडून जुनी आमिश क्विल्ट, म्हणजे तिकडच्या आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांनी शिवलेली गोधडी, मागवावी का असं आमच्या शिवणकामाच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. ऑनलाइन जे वाचायला मिळतं ते सगळं तिकडच्या हीटर लावलेल्या कोरड्या घरांसाठीचं असतं, आणि आपल्याकडे मिरगाचा पाऊस एकदा धरला की पुढचे तीन-चार महिने कपाटातला हातरुमालसुद्धा दमट लागतो.

माझ्याकडची क्विल्ट लँकेस्टर काउंटीची आहे, राज्य पेन्सिल्वेनिया. माझी आतेबहीण फिलाडेल्फियाजवळ राहते, तिथून लँकेस्टर गाडीने जाऊन येण्यासारखं आहे, ती तिथल्या एका जुन्या कापडांच्या दुकानात गेली आणि व्हिडिओ कॉलवर एकेक उलगडून दाखवत बसली, दुकानातली बाईपण बिचारी न कंटाळता मागची बाजू, कोपरे, गोट सगळं जवळून दाखवत होती. मग सुट्टीला येताना ताई सामानातून घेऊन आली. पावतीवर साधारण १९२० च्या सुमाराची असं लिहून दिलंय. १४०० डॉलर पडले. रक्कम मोठी आहे, मान्य, पण घ्यायचीच तर नीट असलेली घ्यायची असं ठरवलं होतं.

आता दिसते कशी ते सांगते. सुमारे ७६ इंच बाय ७६ इंच, म्हणजे जवळजवळ चौकोनीच. डिझाइनला तिकडे 'बार्स' म्हणतात. मधोमध उभ्या सात रुंद पट्ट्या, चार वांगी रंगाच्या आणि तीन मोरपंखी, आलटून पालटून. भोवती डाळिंबी रंगाची अरुंद चौकट, तिच्या चारी कोपऱ्यांना छोटे चौकोन, त्याच्या बाहेर चांगला वीतभर रुंद काठ, त्यालाही कोपऱ्यांत मोठे चौकोन, आणि कडेला रुंद गोट. एवढंच. एक छापील फूल नाही, एक बुट्टी नाही, जरीचं तर नावच नको. फोटोत बघितलं तेव्हा आमच्या घरी सगळे म्हणाले यात काय आहे एवढं, आणि प्रत्यक्ष पलंगावर पसरली तेव्हा तेच सगळे वाकून वाकून बघत बसले. हिचा फोटो कधीच खरा येत नाही, कारण फोटोत रंग येतात आणि टाके येत नाहीत, आणि हिचा सगळा जीव टाक्यात आहे.

आमिश लोक कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपात १६९३ च्या सुमाराला याकोब अम्मान नावाच्या धर्मपुढाऱ्याच्या मागे जे वेगळे झाले ते आमिश, नंतर अठराव्या शतकात पेन्सिल्वेनियात येऊन शेती करू लागले. घरी जर्मन वळणाची बोली बोलतात, घोडागाडी वापरतात, बाहेरच्या विजेची लाइन घरात घेत नाहीत, कपडे एकरंगी आणि साधे. क्विल्ट ही मुळात त्यांची कला नाही, इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून बघून त्यांनी उचलली, आणि त्यांच्यात ती खरी रुजली १८७०-८० नंतर. जाणकार ज्याला उत्तम काळ मानतात तो १८८० ते १९४० चा.

लँकेस्टरच्या बायकांचे ठरलेले तीन प्रकार. एक 'सेंटर डायमंड', मोठ्या चौकोनात तिरका बसवलेला दुसरा चौकोन. दुसरा हा 'बार्स'. तिसरा 'सनशाइन अँड शॅडो', त्यात शेकडो छोटे चौकोन उजळ-गडद-उजळ असे वळसे घेत बाहेर जातात. ओहायो आणि इंडियानामधल्या आमिश क्विल्ट वेगळ्या असतात, त्या लांबट, जास्त करून सुती, काळा रंग भरपूर आणि छोट्या छोट्या ब्लॉकचं डिझाइन पुन्हा पुन्हा. लँकेस्टरवाल्यांनी मात्र बारीक विणीची लोकर वापरली, ड्रेसला वापरायचे तीच, आणि लोकरीला जो रंग चढतो तो सुताला त्या खोलीने चढत नाही. वांगीच्या शेजारी मोरपंखी, त्याला टेकून डाळिंबी, हे रंग ऐकायला भडक वाटतील पण डोळ्याला टोचत नाहीत, उलट बघता बघता एकमेकांना उचलून धरतात, आपल्या इरकली लुगड्यात गडद अंगाला काठ उचलून धरतो तसे. २००१ मध्ये अमेरिकन पोस्टाने आमिश क्विल्टची ३४ सेंटची चार तिकिटं काढली, त्यात डायमंड आणि सनशाइन दोन्ही होते, यावरून तिकडे यांचा मान काय ते कळेल.

एक गैरसमज काढून टाकते. आपल्याला वाटतं क्विल्ट म्हणजे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून केलेली, कारण आपली वाकळ तशीच होते, फाटलेलं लुगडं, धोतर, सदरे, एकावर एक थर घालून. यांचं तसं नाही. माझ्या क्विल्टच्या बाहेरच्या काठाची पट्टी चार फुटांच्या वर अखंड आहे, मध्ये जोड नाही, एवढं कापड शिवण करून उरलेल्या तुकड्यात येत नाही. दुकानातून खास कापड आणून, रंग ठरवून केलेलं काम आहे हे. लहान चौकोनांच्या क्विल्टमध्ये ड्रेसचं उरलेलं कापड यायचं ते खरं, पण मोठ्या पट्ट्यांचं कापड विकतच आणलेलं. म्हणजे ज्यांना वाटतं गरिबीतून आलेली वस्तू, त्यांनी हा विचार सोडावा, ही हौसेची आणि नियोजनाची वस्तू आहे, बऱ्याचदा मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी आईने केलेली.

आता टाके. इथे मी जरा थांबणार आहे कारण पैसे मी यासाठी दिले.

तीन थर असतात, वर जोडलेल्या पट्ट्यांचं कापड, आत कापसाचा एकदम पातळ थर, खाली अस्तर. वरच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्यात त्या पायाच्या मशीनवर, आमिश घरांत पायमशीन चालतं, विजेचं चालत नाही. त्यामुळे जोडाची टीप मशीनची दिसली म्हणून नकली समजू नका, बरेच जण तिथेच फसतात. हातकाम सुरू होतं त्याच्यानंतर, तिन्ही थर मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून बसवतात आणि पूर्ण अंगभर हाताने धावदोरा घालतात. मी पट्टी लावून वेगवेगळ्या जागी मोजले, इंचाला ९ ते ११ टाके भरतात, आणि ते वरून दिसणारे टाके आहेत बरं का, तिन्ही थरांतून सुई खाली जाऊन परत वर आलेली. आपल्यातल्या ज्यांनी वाकळ शिवलीय त्यांना विचारा इंचाला किती टाके घालता, चार-पाच म्हणतील आणि तेही चांगल्या हाताच्या. अर्थात वाकळ पाच-सहा थरांची असते, तिथे बारीक टाका जाणारच नाही. यांचा आतला कापूस पातळ आहे म्हणून सुई एवढी बारीक चालते, आणि कापूस सुटा आहे म्हणूनच टाके दाट घालावे लागतात, नाहीतर दोन-चार वर्षांत कापूस सरकून एका बाजूला गोळा व्हायचा. म्हणजे नक्षी दिसायला सुंदर आहे आणि त्याच वेळी ती कापसाला जागेवर धरून ठेवतेय. मला हे फार आवडतं.

नक्षी किती प्रकारची आहे ते ऐका. मधल्या पट्ट्यांवर तिरकी जाळी, अंगठ्याच्या नखाएवढे शंकरपाळे. डाळिंबी चौकटीवर एकमेकांना टेकलेल्या पाकळ्या, याला तिकडे भोपळ्याची बी म्हणतात. आणि बाहेरच्या रुंद काठावर पिसांची वेल, एका दांडीला दोन्ही बाजूंनी पिसं, ती वळत वळत जाते आणि कोपऱ्यावर तुटत नाही, कोपऱ्याच्या चौकोनात फिरून पुढच्या बाजूला निघते. हे कोपऱ्याचं वळण साधणं किती अवघड आहे ते ज्याने कधी साडीच्या काठावर हाताने वेल काढलीय त्यालाच कळेल, लांबीचा हिशोब आधीच पक्का नसेल तर शेवटच्या कोपऱ्यात अर्धंच पीस उरतं. इथे चारही कोपरे नीट जुळलेत. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे साचे ठेवून खडूने किंवा पेन्सिलीने आधी आखून घ्यायचे. माझ्या क्विल्टवर एका बाजूला ती पेन्सिलची रेघ अजून पुसट दिसते, टाक्याच्या शेजारून केसभर सरकलेली. ज्या क्विल्टवर पेन्सिल दिसते ती फारशी धुतलेली नसते, म्हणून संग्रह करणारे लोक ती रेघ दिसली की खूश होतात. दोरा गडद आहे, कापडावर उठून दिसत नाही, त्यामुळे समोरून उजेड असला की नक्षी गायब आणि खिडकीतून तिरका उजेड आला की सगळी वेल वर येते. हे लोक एवढे मोठे कोरे पट्टे का सोडतात त्याचं उत्तर इथे आहे, ते पट्टे कोरे नाहीतच, टाक्यांसाठी राखून ठेवलेली जागा आहे ती.

यळ्ळूरच्या एक मावशी आहेत, वाकळ शिवून देतात, आमच्या घरच्या सगळ्या वाकळा त्यांच्याच हातच्या. त्यांना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही, सरळ उलटी केली, अस्तरावर तळहात फिरवत एका कडेने बसल्या बसल्या सरकत गेल्या आणि म्हणाल्या, "ह्ये एकीचं काम न्हवं गं. हिकडं ह्या अंगाला टाका जरा लांब हाय, हितनं पुढं बारीक झालाय, आन् त्या कोपऱ्यात दोरा जास्ती वडलाय बघ. तिघी-चौघी तरी बसल्यात." आणि खरंच, त्यांनी बोट ठेवलं तिथे बघितल्यावर मला फरक दिसायला लागला, त्याआधी दिसला नव्हता. आमिश बायका चौकटीच्या चारी बाजूंनी बसून एकत्र क्विल्ट शिवतात हे मी वाचलं होतं, पण शंभर वर्षांपूर्वी कोणत्या बाजूला घट्ट हाताची बाई बसली होती हे यळ्ळूरची बाई कापडावरून ओळखते, याला मी काय म्हणू. मावशींना गाठी सापडेनात म्हणून त्या जरा हैराण झाल्या होत्या. मग सांगितलं की दोऱ्याची गाठ हलकेच ओढून कापडाच्या आत कापसात लपवतात, त्यावर लगेच सुई मागून करून बघितलं त्यांनी, आमच्याच एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर. पहिल्याच वेळी जमलं.

जाता जाता, आपल्याच शेजारी हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, ज्यांनी बघितली नसेल त्यांनी जरूर बघा. त्या कडेपासून शिवायला सुरुवात करतात आणि गोल गोल आत मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात, ती फुलं नसली तर कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. पद्धत पूर्ण वेगळी, रंगाची नजर मात्र तेवढीच धीट. १४०० डॉलर नसतील तर आधी तिकडे जा, त्या बायकांकडून थेट घ्या, मला त्यात कमी काही वाटत नाही.

या आमिश वस्तूंना एवढी किंमत आली कशी तेही सांगते, कारण नकली मालाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगून दाखवल्या, आणि लोकांना पहिल्यांदा वाटलं की अरे ही तर मॉडर्न आर्ट आहे. त्यानंतर व्यापारी आमिश घरोघरी फिरून जुन्या क्विल्ट विकत घेऊ लागले, आणि बऱ्याच घरांनी आनंदाने दिल्या, त्यांना त्या जुनाट वाटत होत्या, नवीन करायला त्यांचे हात समर्थ होतेच. चांगल्या चांगल्या आता म्युझियममध्ये आहेत, नेब्रास्काच्या लिंकन गावात तर फक्त क्विल्टचं आंतरराष्ट्रीय म्युझियम आहे. मागणी वाढली तशी १९८० नंतर लँकेस्टरच्या दुकानांसाठी लाओसहून आलेल्या ह्मोंग निर्वासित बायका क्विल्ट शिवू लागल्या, त्यांचा हात अप्रतिम, स्वतःची भरतकामाची मोठी परंपरा असलेल्या बायका त्या, पण दुकानात वर चिठ्ठी आमिशची लागायची. अशी क्विल्ट वाईट अजिबात नाही, फक्त ती जुनी नाही आणि शिवणारीचं श्रेय दुसऱ्याला गेलेलं असतं.

म्हणून तपासून घ्या. एखादा सुटलेला धागा मिळाला तर जाळून बघा, लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, हे कुठल्याही शिंप्याला माहीत असतं. कापूस फुगीर आणि स्प्रिंगसारखा उसळणारा लागला तर आत पॉलिएस्टर आहे, म्हणजे क्विल्ट गेल्या पन्नास-साठ वर्षांतली. नोटा तपासायचा जांभळा लाइट मिळतो तो अंधारात मारून बघा, दोरा निळसर पांढरा चमकला तर एक तर दोरा नवीन आहे किंवा क्विल्ट आताच्या पावडरीत धुतलेली आहे, दोन्ही कारणांसाठी भाव कमी व्हायला पाहिजे. रंग सगळीकडे अगदी सारखा उडालेला असेल तर शंका घ्या, खऱ्या वापरात घडीवर, उशीच्या बाजूला आणि गोटावर जास्त झीज होते. आणि मागच्या बाजूचा फोटो न देणाऱ्याकडून घेऊच नका.

माझ्या बाबतीत दुकानाबद्दल थोडी नाराजी आहे ती सांगायला हवी. त्यांनी उत्तम अवस्था असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात डाळिंबी चौकटीला दोन ठिकाणी कसर लागून गेल्याची बारीक भोकं आहेत आणि एका बाजूचा गोट नंतर कधीतरी बदललेला आहे, त्या गोटाचा धागा जाळला तर मणी झाला. गोट सगळ्यात आधी झिजतो, बदलणं यात काही गुन्हा नाही, पण सांगायला हवं होतं, मूळ गोट असेल तर किंमत वेगळी आणि नसेल तर वेगळी. फोटो पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता १५० डॉलर परत केले, म्हणून ३, नाहीतर १ दिला असता. आणखी एक, कोपऱ्याचा एक चौकोन बाकी तिघांपेक्षा किंचित फिका आहे, त्यावर तिकडून अशी कथा ऐकवली की परिपूर्ण फक्त देव, म्हणून आमिश बाई मुद्दाम एक चूक ठेवते. ऐकायला छान आहे, पण अभ्यासक याला दंतकथाच मानतात. कापड पुरलं नसेल, दुसऱ्या लॉटचं आणलं असेल, शिवणाऱ्या घरात हे रोज होतं. जिने कोपऱ्यातली वेल एवढी मोजून वळवली ती बाई चूक मुद्दाम करेल हे मला पटत नाही.

भोकांचं काय केलं ते विचाराल. इथे एका रफूवाल्याने भरून देतो म्हणून सांगितलं, पण रफू करायला आजूबाजूचे धागे ओढावे लागतात आणि शंभर वर्षांची लोकर ते सहन करेल असं वाटेना. ठिगळ तर नकोच. शहापुरातून त्याच रंगाची एकदम बारीक मऊ नेट आणली, भोकाच्या वर ठेवली आणि चांगल्या कापडात, भोकापासून लांब, बारीक दोऱ्याने कडेकडेने टाचून घेतली. म्युझियमवालेसुद्धा अशीच नेट किंवा पातळ रेशमी कापड वापरतात, कारण उद्या कोणाला काढायचं असेल तर टाके कापले की मूळ वस्तू जशीच्या तशी. दोन हातांवरून भोक दिसत नाही, जवळून दिसतं, दिसू दे.

आता सांभाळणं. आपण वाकळेचं जे जे करतो त्यातलं बहुतेक इथे चालत नाही. वाकळ आपण वर्षातून एकदा नदीवर नाहीतर मशीनमध्ये धुतो, मे महिन्यात गच्चीवर कडक उन्हात टाकतो, काठीने बडवतो. ही धुवायची नाही, लोकर आटते, जुना डाळिंबी आणि लाल रंग पाण्यात सुटून शेजारच्या पट्टीत उतरतो, आणि ओली झाली की स्वतःच्या वजनानेच टाके तुटतात. ड्रायक्लीनला पण नाही. उन्हात तर मुळीच नाही, उडालेला रंग परत येत नाही. धूळ काढायची तर मच्छरदाणीची जाळी वर पसरायची आणि व्हॅक्यूम क्लीनर एकदम कमी ओढीवर ठेवून जाळीवरून हलके फिरवायचा, म्हणजे सुटे धागे ओढले जात नाहीत.

ठेवायची प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. शिसवी-सागवानी पेटीत थेट नाही, लाकडातून जे आम्ल सुटतं त्याने कापडावर तपकिरी डाग पडतात. मी लोखंडी कपाटात ठेवलीय, रंग न उडालेल्या, आणि कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीला नाही तर आतल्या भिंतीला, तेही चार बोटं पुढे ओढून. आमच्याकडच्या जुन्या मातीच्या भिंती आषाढात अक्षरशः पाणी ओढतात, खानापूरकडच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. गुंडाळायला मांजरपाट. तो आणला की खळ पूर्ण जाईपर्यंत गरम पाण्यात धुवायचा, कारण कसर खळीवर येते. आम्लरहित कागद बेळगावात मला मिळाला नाही, म्हणून घडीच्या आत जुन्या मऊ धोतराचे लांब गुंडाळे करून घातले, घडी तिथे टोकदार मोडत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी उलगडायची आणि घडी वेगळ्या रेषेवर घालायची. ज्यांच्याकडे लांब जागा आहे त्यांनी घडी घालूच नये, कापडाच्या दुकानात तागे संपले की जाड पुठ्ठ्याची नळी उरते, ती मागून आणावी, तिच्यावर मांजरपाटाचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि क्विल्ट सैल गुंडाळावी.

लोकर आहे म्हणून कसरीची भीती सगळ्यात मोठी. डांबरगोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत, मी तर ठेवतच नाही, तो वास लोकरीतून जात नाही. घरात आणल्या आणल्या आधी ती जाड पिशवीत हवाबंद करून एका ओळखीच्या दुकानाच्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली, उणे १८ च्या खाली, म्हणजे अंडी-अळी काही असेल तर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच ठेवायची, नाहीतर थंड कापडावर हवेतलं पाणी धरतं. प्लास्टिक फक्त एवढ्यापुरतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा तर पुरचुंडीत बांधून, कपाटाच्या तळाला, कापडाला डाग लागणार नाही असा.

कपाटात छोटं डिजिटल आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलंय, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. ५० च्या आसपास उत्तम, ६५ च्या वर गेलं की बुरशीची भीती. जुलैमध्ये आमच्याकडे खोलीतली हवा आरामात ८० च्या वर जाते, तेव्हा कपाट उघडायचं टाळते आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, त्यांचा रंग बदलला की मंद आचेवर वाळवून परत, तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये. हे सगळं कटकटीचं आहे, म्हणूनच २ मार्क. निपाणी-चिक्कोडीकडे पाऊस कमी, तिथल्यांना बरंच सोपं जाईल.

भिंतीवर लावायची हौस सगळ्यांनाच असते. खिळे, चिमटे, रिंगा काही लावायचं नाही, सगळं वजन एका टाक्यावर येतं. मागून वरच्या कडेला पूर्ण लांबीची कापडी बाही हाताने शिवायची, टाके अस्तर आणि कापसातून जातील असे, पुढे यायचे नाहीत, आणि त्या बाहीतून दांडा घालायचा. मी फक्त डिसेंबर-जानेवारीत लावते, हवा कोरडी असते तेव्हा, हॉलच्या उत्तरेच्या भिंतीवर, मग काढून परत गुंडाळते.

तर कोणी घ्यावी? शिवणकाम करणारीने जरूर घ्यावी, परवडत असेल तर, दहा वर्गांत शिकणार नाही ते या एका काठावरून शिकता येतं. पांघरायला हवी असेल, घरात लहान मुलं किंवा मांजर असेल, किंवा पावसाळ्यात बंद राहणारं गावाकडचं घर असेल तर घेऊ नये, त्यापेक्षा लँकेस्टरमधल्या आताच्या आमिश बाईने केलेली नवीन सुती क्विल्ट घ्यावी, ती धुता येते. तिकडे वसंत ऋतूत गावोगावच्या अग्निशमन दलांसाठी लिलाव होतात, चिखलाच्या दिवसांत होतात म्हणून त्यांना मड सेल म्हणतात, त्यात नवीन क्विल्ट थेट त्यांच्याच घरांतून आलेल्या असतात, नातेवाईक त्या बाजूला असतील तर त्यांना मार्च महिन्यात जायला सांगा, आणि मागची बाजू उलटून बघायला विसरू नका म्हणावं.